हनुवटी हलवू नका

नाही, चावत नाही—सगळे आधी तेच विचारतात, तुम्ही विचारलं नाहीत, पण दारात थबकलात तेव्हाच मला कळलं की पोटात तोच प्रश्न आहे. या, ओलांडून या. तो उठायचा नाही. उठला तर तुम्हाला आत यायला जागाच उरणार नाही, म्हणून तोच समजून पडून राहतो. बसा. मान मागं. दाढी पूर्ण काढायची ना? चांगली पोसलीय, छातीपर्यंत आलीय. आधी कात्री मारतो, मग वस्तरा. एकच सांगून ठेवतो, हनुवटी हलवू नका आणि बोलू नका. बोलायचं काम माझ्याकडं. दोघंही बोलायला लागले की वस्तरा कुणाच्या तरी कानावर येतो, आणि कान माझा नसतो.

तर दुसरा प्रश्न—किती खातो? माझ्यापेक्षा जास्त खातो आणि माझ्यापेक्षा कमी कुरकुर करतो. तिसरा प्रश्न—कुत्रा आहे की घोडा? हे विचारणाऱ्याला वाटतं आपल्यालाच सुचलं, म्हणून मीही पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हसतो. रोज हसतो. गाल दुखतात. जात कुठली म्हणाल तर जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी लांबलचक नाव सांगितलं होतं, मला एवढंच कळलं की याच्या घराण्यात सगळेच असे. आणि स्वभाव म्हणाल तर गाईहून गरीब. गाय निदान शिंग तरी दाखवते. शेजारच्या शिवणवालीकडं मांजराचं पिल्लू आहे, मुठीत मावेल एवढं, ते दारात आलं की हा माझ्या खुर्चीमागं जाऊन उभा राहतो आणि समजतो की आपण दिसत नाही. अख्खा दिसतो. मी काही बोलत नाही, त्याचा मान ठेवावा लागतो.

मान म्हणजे खरंच मान. मी त्याला 'अहो' म्हणतो. हसू नका, ओठ हलतो. एवढ्या मोठ्या देहाला 'अरे, चल रे' कसं म्हणायचं, जीभ रेटत नाही. शिवणवाली म्हणते, नवऱ्याला हाक मारल्यासारखं काय अहो-अहो करता? म्हणू दे. आणि तोही तसाच गंभीर आहे, उथळपणा नाही, कुणी कितीही लाड करू दे, शेपटी म्हणून हलवायचा नाही. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं, ही चालू आहे ना? त्या म्हणाल्या, चालू आहे, मनात आलं की हलवेल. मी म्हटलं, जड असेल. मोठ्या कुत्र्यांची शेपटी जड असणार, उगाच कोण हलवत बसेल?

समोर बघितलंत? ते काचेचं सलून—गारेगार हवा, फिरत्या खुर्च्या, केस धुवायला वेगळा माणूस, कापायला वेगळा, आणि किती छान दिसताय म्हणायला तिसरा. ते उघडलं आणि माझ्याकडं माश्या. खऱ्याच माश्या, आणि त्यांना दाढी नसते. मग हा आला. दारात आडवा पडला, आणि लोक थांबायला लागले. फोटो काढायला थांबायचे, मग एखाद्याला आठवायचं की आपले केस वाढलेत. शाळेतून येणारी पोरं याच्या पोटाला टेकून बसायची, ती उठेपर्यंत त्यांचे आईबाप काय करणार, दाढी करून घेणार. एकदा बस थांबली हो—स्टॉप पुढं आहे, पण ड्रायव्हरला बघायचं होतं. आता पत्ता सांगताना कुणी माझं नाव सांगत नाही, मोठ्या कुत्र्याचं दुकान म्हणतात. तीस वर्षं वस्तरा धरला आणि नाव झालं ते झोपणाऱ्याचं. नाही, राग नाही. सांगतोय फक्त.

लोकांना मी सांगतो की लहानपणापासून माझ्याकडंच वाढला. या ड्रॉवरमध्ये झोपायचा म्हणून सांगतो, ड्रॉवर उघडून दाखवतो पण. साफ खोटं. तुम्ही परके दिसता, बॅग घेऊन आलात, पुन्हा काही यायचे नाहीत, तुम्हाला खरं सांगायला हरकत नाही. गाल फुगवा. हं. दोन वर्षं होतील, असाच एक जण आला होता. असाच दाढीवाला—तुमच्याहून दाट. कुत्रा बाहेर खांबाला बांधला, आत आला, पूर्ण काढा म्हणाला. मी काढली. तोंड पुसता पुसता म्हणाला, मागं नळ आहे का? आहे म्हटलं, मागचं दार बोळात उघडतं, तिथंच आहे. गेला. मी वस्तरा धुतला, टॉवेल झटकला, दोघांचे केस कापले. तो आपला नळावरच. मी म्हटलं, किती स्वच्छ माणूस आहे! शेवटी जाऊन बघतो तर नळ कोरडा.

आणि हा बाहेर, पुढच्या दाराकडं डोळे लावून. ओरडला नाही, ओढाओढ केली नाही—तो खांब त्यानं सहज उपटला असता. आत गेलेलं माणूस बाहेर येणार, एवढाच त्याचा हिशोब. अजून तोच आहे. तुम्हाला वाटलं झोपलाय? दाढीवालं माणूस आत आलं की एक डोळा उघडतो. त्याला काय माहीत, मालक बिनदाढीचा होऊन गेला. सांगा, काय म्हणायचं अशा माणसाला? नका सांगू, हनुवटी हलते, मीच म्हणतो. मुक्या जनावराला फसवणाऱ्याच्या सात पिढ्या—

अहो! अहो, कुठं निघालात? तुम्हाला नाही, त्याला म्हणतोय. आज काय झालं याला, सकाळपासून पहिल्यांदा उठला. तुमच्याकडं येतोय. खिशात काही खायचं आहे का? बोलू नका, नुसती मान हलवा—नको, मानही हलवू नका. बघा, डोकं ठेवलं मांडीवर. लाळ लागेल, पँट धुतली की जाते. असं कुणाच्या मांडीवर ठेवत नाही हो तो. माझ्याही नाही. आणि हे काय—बाटल्या कुणी पाडल्या? अरे देवा, शेपटी! हलतेय! बघा, बघा, आरशात बघा, नुसती हलत नाही, फळी झाडतेय! पायगुण म्हणायचा तुमचा. डॉक्टरीणबाईंना कळवायला पाहिजे, चालू आहे म्हणून. थांबा, एवढी हनुवटी उरकतो. वर करा. अशी. ही खळगी जरा अवघड, खोल आहे, वस्तरा वाकडा धरावा—

हं.

नाही, काही नाही. बसून राहा.

आम्ही तोंडं विसरतो. दिवसभरात किती येतात, कोण लक्षात ठेवणार? पण हनुवटी बोटांखालून गेली की गेली, ती राहते. ही खळगी मी एकदा उरकलीय.

सांगायचंत तरी. मी इथं तुमच्या सात पिढ्यांपर्यंत पोचलो आणि तुम्ही फेसाखाली गप्प. हो, मीच म्हटलं बोलू नका. म्हणून काय इतकं ऐकायचं? आता बोला. बोला, वस्तरा बाजूला ठेवलाय.

रडू नका. फेस ओघळतो, कॉलरमध्ये जातो.

खोली गेली. बरं. काम आधीच गेलं होतं. बरं. याला घेऊन कोण घरात घेणार—कुणी नाही, खरं आहे. मला विचारायचंत. नाही, तेही खरं, विचारलं असतंत तर मी हाकललंच असतं. मी म्हटलं असतं, माझंच मला जड झालंय, तुमचं कुठं घेऊ? विचारलं नाहीत म्हणून राहिला. आता कुठं असता? गोदामावर राखणदार. राहायला खोली. पुढं आवार. केवढं? ... एवढं? पळता येईल म्हणता. इथं तर त्याला वळायचं झालं तरी मला खुर्ची उचलावी लागते.

म्हणजे न्यायला आलात.

नाही. नाही देणार. सरळ सांगतो, आडपडदा नाही. ही काही सामान ठेवायची खोली नाही, की सोय झाली आणि पावती दाखवून घेऊन गेलात. आजारी पडला तेव्हा त्याला डॉक्टरीणबाईंकडं मी नेलाय, हातगाडीवरून, सगळं गाव बघत होतं. समोरचा सलूनवाला गाडी घेऊन येतो आणि म्हणतो, विकता का? त्याला मी उभं केलं नाही. आणि गिऱ्हाइकांचं नाही हो, गिऱ्हाईक गेलं खड्ड्यात. मला भीती वाटते. झालं? आमची ही गेली, त्याला चार वर्षं झाली. ती मला अहो म्हणायची, दिवसभर, अहो ऐकलंत का, अहो जेवायला चला—मला वैताग यायचा. ती गेली आणि घरात तो शब्दच संपला. मग हा आला. मला आता तसं कुणी म्हणणार नाही, निदान कुणाला तरी म्हणता तरी येतं. हे मी शिवणवालीला पण सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय कुणास ठाऊक.

काय म्हणालात त्याला आत्ता? कानात काय सांगितलंत? पुन्हा म्हणा. छोटू? याचं नाव छोटू?

कान बघा त्याचे. मी दोन वर्षं अहो म्हणतोय, येतो बिचारा, मान ठेवतो, पण कान नाही हो असे केले कधी. असा दिसतो होय तो. मला वाटलं गंभीर आहे.

मान वर करा, एवढं राहिलंय. अर्धवट कुणाला पाठवत नाही मी. झालं. तुरटी झोंबेल. झोंबू दे जरा.

पट्टा त्या खुंटीला आहे. पैसे खिशातच ठेवा. पाणी बादलीतूनच पितो, वाडगं दिलं तर अपमान झाल्यासारखा बघतो. मांजर असलं आवारात तर आधी त्याची ओळख करून द्या, एकदम समोर आणू नका. उजवा पाय थंडीत दुखतो, तुमच्या वेळी दुखत नसेल, आता दुखतो, तेल लावावं लागतं. मी सांगत राहिलो तर दिवस जाईल, आणि तो बघा कसा बघतोय, एकदा तुमच्याकडं, एकदा माझ्याकडं. त्याला असं करायला लावू नका. मी बाटल्या उचलतो, खाली वाकतो, तोवर निघा. पुढच्या दारानं. या वेळी पुढच्या दारानं. छोटू, जा रे. जा म्हटलं ना.

कोण आहे? या, या. बाळाला घेऊन आलात होय. तो? फिरायला गेलाय. मालकाबरोबर—म्हणजे, आहे एक ओळखीचा. नाही, आज नाही यायचा. उद्याचं सांगता येत नाही. केस कापायचेत बाळाचे? नाही. तुमचे? तेही नाही. नुसतं त्याला बघायला आला होतात. बरं. आता काय बघणार, न्हावी आहे नुसता. जा, ऊन वाढतंय, बाळाला त्रास होईल.