तयारीची बॅग

वादळामुळे बेटावरून आज एकही विमान उडणार नाही, असं जाहीर झालं आणि काउंटरपुढची रांग जागच्या जागी थिजली. रांगेत उभ्या असलेल्या एका दंतवैद्यबाईंना आता पुढच्या नवरा-बायकोचं बोलणं ऐकण्यावाचून दुसरा उद्योग उरला नाही.

"घाबरू नकोस. मी सगळी तयारी करून निघालोय."

"मी कुठे घाबरले? महिनाभर घरात वादळाचीच तर तालीम चालली होती."

"टॉर्च आहे, रेनकोट आहेत, कोरडा खाऊ आहे."

"दोरीसुद्धा आहे. कुठाय हो हे सगळं?"

"मोठ्या बॅगेत."

"आणि मोठी बॅग?"

"चेक-इन केली ना सकाळी."

"वा! म्हणजे विमानाची उत्तम सोय झाली."

"देतील गं परत."

"वादळ थांबेपर्यंत सामान उतरवणार नाहीत, असं ती काउंटरवरची मुलगी आत्ताच तुमच्या तोंडावर सांगून गेली."

"हातात ओझं नको, असं तूच म्हणाली होतीस."

"हो, वादळही मीच बोलावलंय."

"शिट्टी आहे माझ्याकडे. गळ्यातच आहे."

"वाजवा मग. बॅग धावत येईल."

दंतवैद्यबाईंनी हसू दाबायला रुमाल तोंडाला लावला.

"अगं, ऐक ना."

"आता काय राहिलं?"

"माझ्या हार्टच्या गोळ्याही त्याच बॅगेत आहेत."

पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला.

"ही घ्या. पाण्याबरोबर घ्या, नुसती गिळू नका."

"तुझ्याकडे कशी?"

"तुम्ही तयारीला लागलात, तेव्हाच मी धसका घेतला होता."