दोघांना दिसलेला बगळा

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर पक्षिमित्र मंडळातले दोन म्हातारे नंबर लागायची वाट बघत बसले होते.

“मोतीबिंदू काढला की हिवाळ्यातल्या फेरीला येणार ना, अण्णा?”

“कुठल्या तोंडानं येऊ? मागच्या फेरीत तळ्यावर सगळ्यांना गप्प करून बगळा दाखवला. परवा नातीनं फोटो मोठा करून पाहिला, तर बांबूला अडकलेली पिशवी!”

“असेल.”

“असेल काय? दोघांना दिसला तरच पक्षी मोजायचा, हा आपला नियम. तूच म्हणालास, मलाही दिसला.”

“म्हणालो खरा.”

“अरे, तुझी नजर तर घारीची!”

“आहेच की. म्हणून तर बोट दाखवताना खुललेला तुमचा चेहरा दिसला.”