निरांजनावर फुंकर

हे कुणाला सांगायचं नाही, असं आजीनं मला बजावलंय, म्हणून तुम्हीही सांगू नका. सध्या कॅनडाचे काका आलेत. त्यांच्या लिओला वाढदिवसाला आजीनं ओवाळलं, तर पठ्ठ्यानं डोळे मिटून निरांजनच फुंकलं!

"अरे देवा! दिवा काहून विझवला रे?" आजी ओरडली.

काका घाईनं म्हणाले, "आई, तिकडे मनात काही मागून मेणबत्ती फुंकतात. मग ते मिळते म्हणतात."

"खरंच मिळते?"

सगळे पांगल्यावर आजी स्वतःच पाटावर बसली आणि मला म्हणाली, "मले ओवाळ वं." मग डोळे मिटून पुटपुटली, "माह्या पोराचं विमान उद्या उडू नको देऊ," आणि फू!

दुसऱ्या दिवशी विमान खरंच रद्द झालं. काका डोकं धरून नवं तिकीट शोधताहेत, आणि आजी रोज दुपारी मला गुपचूप...

"कुठं गेली वं? पाट मांड लवकर!"