रेषेवरचे वीस मीटर

(संध्याकाळ. हँगरमध्ये मामा आणि भाची ग्लायडरच्या लांब पंखावर चिकटलेले किडे ओल्या फडक्यानं पुसताहेत. शर्यतीचे गुण मोजायचं काम मामाकडं आहे.)

भाची: पण वीसच मीटर, मामा!

मामा: वीस असोत नाहीतर दोन. शेवटच्या रेषेवर शंभर मीटरच्या खाली आलं की दंड. यंत्रात तुझी उंची ऐंशी दिसतेय.

भाची: पहिल्यावरून थेट सहावी. म्हणजे संघातून बाहेर. सहा वर्षं मी याचसाठी जीव तोडून मेहनत करतेय रे.

मामा: नियम ठाऊक नव्हता?

भाची: तोंडपाठ आहे. पण तळ्यावर आले ना, तर सगळं कसं निवांत होतं. नुसती हवेची बारीक शिट्टी. पाण्यात माझी सावली माझ्याबरोबर पोहत होती. वाटलं, हे संपूच नये.

मामा: तळ्यापलीकडं घार फिरत होती.

भाची: दिसली होती.

मामा: घार फिरते तिथं हवा वर चढते, हे तुला मी सांगायला हवं? तुझ्या मागून येणाऱ्या त्या शाळेतल्या बाई थांबल्या तिथं. पाच घिरट्या घातल्या, उंची घेतली, मग आल्या. दोन मिनिटं गेली त्यांची. तू ती वाचवलीस आणि पहिली आलीस.

भाची: आले ना पण सुखरूप! साधा ओरखडा नाही. कुणी केला हा असला हट्टी नियम?

मामा: मी.

भाची: तू? कधी?

मामा: तुझे बाबा गेले त्या वर्षी.

भाची: आई तर म्हणते, वारा फिरला.

मामा: वारा नव्हताच. अशीच मऊ संध्याकाळ होती. दाजींनीही घार सोडून दिली. रेषेवर आले तेव्हा वळून उतरायला उंचीच उरली नव्हती. पुढं झाडं.

भाची: रेषा ओलांडली होती त्यांनी?

मामा: हो. पहिले आले होते. अकरा सेकंदांनी. निकालाचा कागद मीच तयार केला, आणि कुणाच्या हातात द्यावा तेच कळेना.

भाची: (फडकं बादलीत बुडवून पिळते.)

मामा: पाणी बदलून आणू?

भाची: नको. मामा, लाव दंड. बाईंना मी सांगते, त्या पहिल्या आल्या म्हणून.

मामा: जा मग. पंखाचं टोक मी पुसतो.

भाची: राहू दे, मीच पुसते. आता घाई नाही.