टपाखालचं बिऱ्हाड

(चाकूरच्या अलीकडचं एक खेडं. अंगणात विटांच्या चार खांबांवर जुन्या जीपचा लोखंडी टप ठेवलेला. त्याच्याखाली बाज, बाजेवर पंढरी. घराच्या दारात त्याची सून बबिता. दोघांच्या मधोमध उभे हनुमंतराव: लातूरहून टप विकत घ्यायला आलेले, आणि आल्यापासून पस्तावलेले.)

हनुमंत : अहो ताई, तुम्ही म्हणता विकायचा, हे म्हणतात विकायचा नाही. मी नक्की बोलू कुणाशी?

बबिता : माझ्याशी बोला. मोबाईलवर फोटो म्याच टाकायला लावला.

पंढरी : साहेब, तिला सांगा, टप माझा हाय. मालकानं जीप विकली तवा राहिलेल्या पगाराच्या बदली मला दिला. उभी उमर गाडी चालवली म्या त्यांची.

हनुमंत : ताई, ते म्हणतात...

बबिता : आलं ऐकू. त्यांना सांगा, टप तुमचा, पर अंगण घराचं हाय.

हनुमंत : बाबा, त्या म्हणतात... अहो, दोन हातांवर आहात तुम्ही एकमेकांच्या! सरळ बोला की.

पंढरी : सासऱ्यानं सुनेशी समोरासमोर बोलायची रीत न्हाई आमच्यात. किशन असायचा मधी.

हनुमंत : किशन कोण?

पंढरी : माझा ल्योक. हिचा मालक. गेला तो. काविळीचं निमित्त झालं.

हनुमंत : अरेरे. मग आता मध्ये कोण असतं?

बबिता : कोन असनार? म्या शेळीला सांगते, 'भाकरी झाली गं बाई, थंड होऊन राहिली.' त्यांना ऐकू जातं.

हनुमंत : म्हणजे आज शेळीला सुट्टी, आणि तिच्या जागी मी. बरं. टप तरी बघू द्या. दोन वर्षं झाली शोधतोय. नांदेडच्या भंगार बाजारात चपला झिजवल्या. देगलूरला एक सापडला, तर तो भलत्याच गाडीचा निघाला. आता अंगात त्राण राहिलं नाही.

पंढरी : एवढं काय अडलंय टपावाचून?

हनुमंत : आमच्या मंडळींच्या कानाचं ऑपरेशन झालंय. वारं लागू द्यायचं नाही. उघड्या जीपमध्ये त्या बसत नाहीत, आणि 'विकून टाका ते धूड' म्हणून रोज माझ्या मागं लागतात. वडलांची जीप आहे हो, एकाहत्तर सालची. विकवत नाही.

पंढरी : जीप तुमची, मंडळी तुमची. त्याच्यापायी माझ्या डोक्यावरचं छप्पर का म्हणून काढता?

हनुमंत : तुम्ही... इथं झोपता? फोटोत तर रिकामा दिसत होता.

बबिता : ते दळण आणाय गेले तवा काढला फोटो.

हनुमंत : ताई, राग मानू नका. पण म्हाताऱ्या माणसाला उघड्यावर टाकायचं म्हणजे...

बबिता : बोला, बोला! तुमीच तेवढे राहिले होते. सगळं गाव बोलून राहिलंय. शेळीच्या जागी सासरा बांधला म्हणत्यात. हापशावर गेले की बाया तोंड फिरवून घेत्यात. इचारा त्यांना, म्या एकदा तरी म्हणले का, बाहिर ऱ्हावा म्हणून?

हनुमंत : बाबा, म्हणाल्या का त्या?

पंढरी : न्हाई. खोटं कशाला बोलू? तिनं न्हाई काढलं, म्याच निघालो. घर बघा ना साहेब, एकच खोली. किशन गेला, नात हॉस्टेलला. राहिलो आमी दोघं. ती तरणी. म्या आत झोपलो तर गाव काय म्हणंल? तिच्या इज्जतीपायी बाहिर पडलो.

बबिता : आन् बाहिर झोपून काय म्हणतंय गाव, ते न्हाई दिसत त्यांना.

पंढरी : म्हणू दे. मला काय फिकीर न्हाई.

बबिता : त्यांना कुटं म्हणतंय? मला म्हणतंय! त्यांची कीव करत्यात सगळे, चहा पाजत्यात. शिव्या माझ्या वाट्याला.

हनुमंत : इकडं आड, तिकडं विहीर. आणि मध्ये मी, हातात मापाची टेप घेऊन.

बबिता : म्हणून म्हणते, टप घिऊन जावा. टप गेला की येतील आत.

पंढरी : बिलकूल न्हाई. लिंबाखाली पडंन.

हनुमंत : मग मी निघतो. हौस माझी आणि झोप ह्यांची जाणार, असला सौदा मला नको. नमस्कार.

बबिता : थांबा वो. पैसे नगंत मला. खोलीत मधून एक भिंत घालून द्या. आन् त्यांच्या बाजूला रस्त्याकडं एक दार. एका घराला दोन दारं. गावाला बघू द्या काय बघायचं ते.

हनुमंत : भिंत? टपाच्या बदल्यात?

बबिता : हाव. लई दिवसापासून मनात हाय. पर गवंड्याला द्यायला हातात कवा काय उरतच न्हाई.

पंढरी : घरात भिंत नगं, साहेब. सांगा तिला. भाऊ-भाऊ भांडले की घरात भिंत पडती. वाटणी झाली म्हणत्याल लोक.

बबिता : वाटणी मागायला दुसरं हाय कोन आता?

हनुमंत : बाबा, तुमचं काय म्हणणं?

पंढरी : खरं हाय तिचं. पक्कड हाय का तुमच्याकडं? ह्या तारा म्याच पिळल्यात खांबाला. दुसऱ्याला सुटायच्या न्हाईत.

हनुमंत : आत्ता नको. आधी भिंत होऊ द्या.

पंढरी : न्हाई, आत्ताच न्या. पुन्यांदा माझं मन व्हायचं न्हाई. भिंत वाळंस्तोवर मारुतीच्या देवळात पडतो.

•

ईश्वरप्पा : अय्यो हनुमंतराव, ह्याला टप म्हणता? ही तर चाळणी!

हनुमंत : चाळणी असती तर घरीच ठेवली असती. लातुरात तुझ्यासारखा पत्र्याचा हात दुसऱ्या कुणाचा नाही, म्हणून तुझ्या गॅरेजला आणली. बोल, काय काय करायचं?

ईश्वरप्पा : खालची पट्टी सगळी सडली. कापायची, नवी जोडायची. कडेच्या पन्हळीत बोट घातलं तर आरपार गेलं. काचा चांगल्या, पण सरकत इल्ला, जाम झाल्यात. रबर तर नावाला नाही. पुन्हा तुमच्या जीपची पुढची काच जरा मागं कललेली. हा तिच्यावर असा बसणार नाही. वाकवून, तापवून, परत वाकवून बसवावा लागेल.

हनुमंत : बसव कसाही. तुला पोळ्यापर्यंत सवड.

ईश्वरप्पा : आणि आतून हे खिळे कुणी ठोकलेत? हा सदऱ्याचा वाटतो. इथं आरसा असणार, ह्या कडेला तंबाखूचा चुना पुसलाय. माणूस राहत होता काय ह्यात?

हनुमंत : हो. राहत होता.

ईश्वरप्पा : भोकं बुजवू?

हनुमंत : बुजव की. पाऊस आत येईल नाहीतर. मला काय विचारतोस?

ईश्वरप्पा : विचारतो, कारण दोन वर्षांनी टप मिळाला आणि तुम्ही सुतकात बसल्यासारखे बसलाय.

हनुमंत : गवंड्याचा फोन आला होता. भिंत झाली, वाळली, दारही बसलं. म्हातारा अजून देवळातच. घरी सांगायची चोरी झाली रे. आमची शीला विचारते, 'कुणाच्या डोक्यावरचं काढून आणलंत?' काय सांगू? कान तिचा दुखायचा, आता झोप माझी उडाली.

ईश्वरप्पा : मग टप बसला की तुम्हीच जा, म्हाताऱ्याला घरात घाला. मी पत्रा सरळ करतो हनुमंतराव. माणसं करता आली असती तर गॅरेज कशाला टाकलं असतं?

•

हनुमंत : उतरा, बाबा. देवळापासून दारापर्यंत गाडीनं आणलं तुम्हाला, नवरदेवासारखं. आता काय अडलं?

पंढरी : टप लई झ्याक केलाय, साहेब. कुटं खडखड न्हाई. म्या तर वळखलाच न्हाई.

हनुमंत : टपाचं कौतुक नंतर. हे बघा तुमचं दार. आत सारवून ठेवलंय. बाज तेवढी अंगणात आहे अजून.

पंढरी : बोलावल्याबिगर कसं जावं?

हनुमंत : स्वतःच्या घरात?

पंढरी : भिंत पडली की दोन घरं झाली. इचारा तिला, येऊ का म्हणून.

बबिता : त्यांना सांगा की...

हनुमंत : नाही सांगणार. बास झालं. गंज काढला, पट्ट्या जोडल्या, भिंत घातली, एवढं सगळं झालं माझ्यानं. पण निरोप्याचं काम नाही होत आता. ती जागा किशनची होती, ताई. ती मला भरून काढता यायची नाही. बोलायचं तर तुमचं तुम्ही बोला. मी इथं गाडीला टेकून उभा आहे, मुकाट.

पंढरी : साहेब, असं कसं...

हनुमंत : मुकाट म्हणालो ना.

बबिता : ...मामंजी.

पंढरी : आं?

बबिता : आत या. टप गेल्यापासून डोळ्याला डोळा लागत न्हाई माझ्या.

पंढरी : का गं? गाव आजून बोलतंय?

बबिता : गावाचं न्हाई वो. रातचं तुमी बाहिर खोकत होता. झोपंत ऐकू यायचं. वाटायचं, दारात मानूस हाय आपलं. आता कायबी ऐकू येत न्हाई. लई भ्या वाटतं मला, मामंजी.

पंढरी : ...मंग हात लाव बाजंला. मधल्या भिंतीला लागूनच टाकू, पोरी. लांबून खोकला ऐकू जायचा न्हाई.