नानांनी सांगितलेला पिन

सासऱ्यांच्या हुशारीचं कौतुक करता ना, मग हे ऐका. नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. त्यांना देवपूरच्या दवाखान्यात बसवून मी त्यांचं कार्ड घेऊन एटीएमवर गेले. फोनवर पिन विचारला. मशीन म्हणालं, चुकीचा. नानांनी दुसरा सांगितला, तोही चुकीचा. मागची रांग कुरकुरायला लागली. तिसरा टाकला आणि कार्डच बंद झालं.

तणतणत परत आले. "नाना, पिन विसरलात का?"

"इसरनू नही. पन फोनवर खरा पिन कोणलेच सांगाना नही. बँकवालास्नीच सांगेल शे." बँकेनंच तसं बजावलं होतं म्हणे.

"अहो, मी तुमची सून. आता समोर आहे, आता तरी सांगा."

"आते कसाले सांगू? कार्ड तं तू बंद करी टाकं."