फराई सरांनी न मानलेली माझी विनंती

समारंभाच्या अध्यक्षा माननीय विनिताताई, व्यासपीठावरचे रग्बी क्लबचे पदाधिकारी, सिडनीच्या ब्लॅकटाउन-कॅसल हिल भागांतून सहकुटुंब आलेले मराठी मंडळाचे सभासद, पुढे सतरंजीवर बसलेल्या आमच्या टीमच्या मुली, आणि आजचे सत्कारमूर्ती, या मुलींचे कोच फराई चिकोमो सर, आपणा सर्वांना चंद्रहासचा सादर नमस्कार.

सरांच्या कानात शार्दूल इंग्रजी करून सांगतो आहे. शार्दूल, मी लांबण लावली तर खुशाल काटछाट कर. शेवटचं तेवढं कापू नकोस. आणि शाल कोणी आणली हो? खांदे बघून तरी आणायची!

सरांविषयी काय बोलावं? झिम्बाब्वेतल्या बुलावायोचा एकोणीस वर्षांचा मुलगा, फ्रेंचचा गंध नाही, आणि एकटा फ्रान्सला खेळायला जातो. तिथे सहा हंगाम, जपानला चार, मग सिडनी. खांद्याचं हाड दोनदा मोडलं, दोन्ही वेळा परत मैदानात. आपण नोकरीची ऑफर खिशात घेऊन आलो, तरी पहिल्या हिवाळ्यात रडकुंडीला आलो होतो. कुठल्या मातीचा बनलाय हा माणूस?

पण मी खरा थक्क झालो ते इथे, शुक्रवारच्या प्रॅक्टिसला. टीम जाहीर झाली, की सर आधी वगळलेल्या मुलींकडे जातात. एवढा सहा फुटी माणूस चिखलात गुडघा टेकतो आणि प्रत्येकीला कारण सांगतो. एकदा माझी ओवी वगळली गेली. मला वाटलं, गाडीत रडारड होणार. ती शांतपणे म्हणाली, "I'm tackling too high, Baba. He told me why." म्हणजे समोरचीला अडवून पाडताना ती फार वर धरत होती. आमच्या ऑफिसात एवढं स्वच्छ कोणी कोणाला सांगितलेलं मी पाहिलेलं नाही.

आता जरा अवघड भाग. दोन वर्षांपूर्वी ओवीची सिलेक्टिव्हची, म्हणजे निवडक मुलांनाच घेणाऱ्या सरकारी शाळेची, प्रवेशपरीक्षा होती. शनिवारी मॅच आणि शनिवारीच क्लास. मी काय करावं? बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन सरांच्या घरी गेलो आणि म्हणालो, "सर, हा सीझन तिला टीममध्ये घेऊ नका. मी सांगितलं हे मात्र तिला कळू देऊ नका."

सरांनी दोन लाडू खाल्ले. मग विचारलं, "Mate, आणि तिला कारण काय सांगू?"

मी म्हणालो, "सांगा, थोडी स्लो आहे."

सरांनी डब्याचं झाकण लावलं. मग त्यांनी फ्रान्समधली गोष्ट सांगितली. एका हंगामात त्यांना अचानक टीमबाहेर काढलं, कोणी कारण सांगितलं नाही. आपण हळू पडतो असं समजून ते वर्षभर पहाटे एकटे धावत राहिले. पुढे कळलं, परदेशी खेळाडूंची मर्यादा भरली होती, एवढंच. "ते वर्ष मी कोणत्याही मुलीला देणार नाही," ते म्हणाले. "खेळू द्यायचं नसेल तर तू सांग. मी शेजारी उभा राहीन."

माझी हिंमत झाली नाही. ओवी खेळली. सिलेक्टिव्हला नंबर लागला नाही, आणि त्यात रग्बीचा काही दोष नव्हता. पण त्या दिवसापासून प्रत्येक सीझनच्या सुरुवातीला सर मला बाजूला घेऊन माझ्या त्या विनंतीबद्दल विचारतात, "Told her yet?" मी म्हणतो, "नेक्स्ट वीक."

मंगळवारी सर तिथल्या मुलींना शिकवायला बुलावायोला परत चाललेत. मग मला हे विचारणारं कोणी उरणार नाही, आणि मी कधीच सांगणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून आजच सांगतो.

ओवी, तू कधीच स्लो नव्हतीस. ते खोटं तुझ्या बाबाने रचलं होतं, आणि सरांनी ते तुझ्यापर्यंत येऊ दिलं नाही.

सर, तुमचे आभार कसे मानावे, मला कळत नाही. अध्यक्षांचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर सभेने उदार मनाने क्षमा करावी. ओवी, तू मात्र घाई करू नकोस. तुला हवा तेवढा वेळ घे.